कपाशीवर प्रोफेनोफॉस फवारताना विषबाधा कशी टाळावी

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी पुष्कळ उंच वाढली होती, त्यामुळे नोझल वर धरून फवारावे लागे आणि तुषार चेहऱ्यावर व मानेवर परत पडत. वापरात असलेल्या कीटकनाशकांत प्रोफेनोफॉस होते, कधी सायपरमेथ्रिनच्या जोडीने. हे द्रावण पोटात गेले नाही म्हणजे धोका नाही, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः त्वचेतूनच शिरते, आणि मान, काखा व जांघा येथील त्वचा ते तळहातापेक्षा कितीतरी लवकर शोषते.

खरेदी करताना डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. प्रोफेनोफॉस पिवळ्या गटात मोडते. लेबलावरील मात्रा पाळावी, आणि दुकानदाराने सुचवले म्हणून दोन-तीन कीटकनाशके व वर टॉनिक असे मिश्रण करू नये, कारण विषबाधा झाल्यास नेमके काय अंगात गेले हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

सर्वांत जास्त जपायचे ते द्रावण तयार करताना. पंपातले पाणी मिसळलेले द्रावण अंगावर सांडणे वाईट, पण डब्यातील मूळ औषधाचे काही थेंब हातावर पडणे त्याहून वाईट. म्हणून नायट्रिल रबराचे लांब हातमोजे, चष्मा व प्लॅस्टिकचा एप्रन आधी चढवावा. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषून ते त्वचेला चिकटवून ठेवतात, ते नसलेले बरे. मोजमाप मापानेच करावे, टोपणाच्या अंदाजाने नाही, आणि ढवळण्यासाठी काठी वापरावी.

फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा मंद असताना करावी. भर उन्हात घामाने ओल्या झालेल्या त्वचेतून औषध अधिक शिरते, शिवाय उकाड्याने माणूस मोजे व मुखवटा काढून टाकतो. वाऱ्याकडे तोंड करून चालू नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा, टोपी व रबरी बूट घालावेत. पायजमा बुटांच्या बाहेर सोडावा. पीक डोक्याच्या वर असेल तर बाह्यांची टोके हातमोज्यांच्या आत खोचावीत, नाहीतर उंचावलेल्या हातावरून द्रावण थेट कोपरापर्यंत ओघळते. नाकाला बांधलेला रुमाल मुखवट्याचे काम करीत नाही, ओला झाला की तो उलट औषध तोंडाशी धरून ठेवतो. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. पाठीवरचा पंप गळत असेल तर दुरुस्तीशिवाय तो उचलूच नये. पाठ भिजली तर तिथेच थांबून कपडे बदलावेत व साबणाने अंग धुवावे. खर्रा, बिडी व जेवण हात धुतल्यावरच, आणि लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवावेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

काम संपल्यावर लगेच साबणाने आंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणाऱ्या बाईनेही हातमोजे घालावेत. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी तेल-पाणी भरणार नाही. उरलेले औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. निंदणाच्या बायांना लेबलावर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या शेतात पाठवू नये.

मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, स्नायू फडफडणे, दम लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत आणि ती काही तासांनीही दिसू शकतात. रोग्याला शेताबाहेर काढावे, आपण स्वतः हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे आणि १०८ वर फोन करावा. उलटी करवू नये, कारण औषधातील द्रावक फुप्फुसांत उतरतो. दूध-तूपही पाजू नये. डबा किंवा लेबल सोबत न्यावे. रुग्णालयात ॲट्रोपिन हे या विषावरचे उतारा-औषध देतात. बरे वाटू लागल्यावरही एक ते चार दिवसांत श्वसनाचे स्नायू अशक्त होण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टरांनी सोडल्याशिवाय रोग्याला घरी आणू नये.