स्पोर्ट बाइकवरून क्रूझर घेताना: मनगट सुटतं, माकडहाड सापडतं

स्पोर्ट बाइकवर धडाचा भार मनगटांवर येतो, क्रूझरवर तो थेट बुडाखाली जातो. पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून बूड उचलणं अवघड. त्यात सीट बुटकी ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपची हालचालही कमी. रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिअर ६५० या क्रूझरमध्ये ती १०१ मिमी आहे. त्यामुळे सीसी नंतर बघा, आधी बसून बघा.

गाडीवर बसल्यावर पेगवर जोर देऊन बूड दोन बोटं वर उचला. हँडलला न लोंबकळता उचललं गेलं तर कोकणातल्या रस्त्यांवर ती गाडी चालेल. पेग फारच पुढे असतील तर प्रत्येक दणका कण्याला बसणार.

शोरूममध्ये पाच मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि खालचा कडक तळ टोचू लागतो. टेस्ट राइड किमान ४० मिनिटांची मागा. देत नसतील तर तेच मॉडेल दिवसभर भाड्याने घ्या. तेवढे पैसे सीट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतात.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. बाहेरचा हात कोपरात ताठ होऊन खांदा ओढला गेला, तर हँडल तुमच्यासाठी लांब आहे. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ते थोडं मागे फिरवता येतं. नंतर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल पुन्हा वळवून पाहा. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ब्रेकचा पाइपही तपासा.

आता ताकद. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी दुचाकींना बंद. आपल्या वाट्याला जुना हायवे, कसारा, माळशेज. तिथे ८०–९० चा वेग पुरतो, आणि एकट्यासाठी त्याच कंपनीच्या मिटिअर ३५० चं २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची ओढ) पुष्कळ आहे. डबलसीट आणि सामान असेल तर घाटात गिअर पाडावे लागतील. नेहमीच जोडीने फिरणार असाल तर सुपर मिटिअर ६५० घ्या, पण २४१ किलोचं ते धूड सोसायटीच्या उतारावर मागे ढकलून दाखवा आधी! तिचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) १३५ मिमीच आहे. आपल्याकडचे उंच गतिरोधक डबलसीट असताना पोटाला घासू शकतात.

खोपोलीच्या घाटात जुनी सवय अंगाशी येते. क्रूझर झुकवली की पेग लवकर टेकतो, म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने मागचा ब्रेक इथे खरंच कामाचा. स्पोर्ट बाइकवाले तो विसरलेलेच असतात.

ट्यूबलेस टायर असलेलं मॉडेल पाहा. स्पोक रिमला बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झालं की माळशेजमध्ये चाक उतरवत बसावं लागतं.

गाडी आली की शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) आधी सर्वांत नरम ठेवा. खड्ड्यात शॉकअप तळाला आपटला की दोन्ही बाजूंच्या शॉकअपवर ॲडजस्टरचं एकेक घर (खाच) कडक करा, एकाच बाजूला नको. डबलसीट निघण्यापूर्वी आणखी एकदोन घरं वाढवा.