स्ट्रिंग सिद्धान्त समजावून सांगताना या चुका टाळा

विज्ञानविषयक लेखांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे तपासणाऱ्या माणसाला पहिले पान वाचूनच पुढे काय येणार ते कळू लागते. लेख स्ट्रिंग सिद्धान्तावरचा, म्हणजे मूलकण हे बिंदू नसून अतिसूक्ष्म तंतूंची कंपने असावीत या मांडणीवरचा, असेल तर दुसऱ्या परिच्छेदात सतार येते, चौथ्यात सारी बले एकाच सूत्रात बांधण्याचे आइन्स्टाइनचे अपुरे राहिलेले स्वप्न येते आणि शेवटी विज्ञान अंतिम सूत्राच्या उंबरठ्यावर उभे असल्याची द्वाही फिरवली जाते. लिहिणाऱ्यांना विषयाची ओढ असते, याबद्दल शंका नाही. परंतु एखाद्या पाठ्यपुस्तकाची पहिली दोन प्रकरणेही न चाळता, दहा मिनिटांची चित्रफीत पाहून लिहायला बसण्याची जी घाई अलीकडे दिसते, तिच्यामुळे त्याच त्या चुका नव्या कपड्यांत पुन्हा समोर येतात.

त्यांतली सर्वांत चिवट चूक सतारीची. एकाच तारेतून निरनिराळे स्वर निघावेत तसे एकाच स्ट्रिंगच्या निरनिराळ्या कंपनांतून निरनिराळे मूलकण मिळतात, हे वाक्य सुरुवातीपुरते चालण्यासारखे आहे. लेखक त्यावर मजले चढवू लागला की घोटाळा सुरू होतो. एका तरुण अभियंत्याने पाठवलेल्या लेखात तर तक्ताच होता: इलेक्ट्रॉन म्हणजे षड्ज, क्वार्क म्हणजे ऋषभ, फोटॉन म्हणजे गांधार, आणि असेच निषादापर्यंत. षड्ज आणि ऋषभ यांच्या ऊर्जेत किती अंतर आहे, एवढाच प्रश्न विचारून मी लेख परत पाठवला. ‘सामान्य वाचकाला इतके खोल लागत नाही,’ असे उत्तर आले आणि तो लेख तक्त्यासह दुसरीकडे छापून आला. त्यावर एका वाचकाने विचारले की ही तार कशाची बनली आहे, ती छेडतो कोण, आणि ती कधी थांबली तर इलेक्ट्रॉन नाहीसा होईल का. प्रश्न विचारणाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. हे तिन्ही प्रश्न उपमेने पैदा केले होते आणि त्यांची उत्तरे द्यायला उपमा देणारा जागेवर नव्हता.

त्या तक्त्यातली खरी चूक मात्र याहून खोल आहे. सिद्धान्ताच्या नेहमीच्या मांडणीत स्ट्रिंगचा ताण इतका प्रचंड धरलेला असतो की कंपनाची पातळी एका पायरीने जरी वाढली, तरी मिळणाऱ्या कणाचे वस्तुमान प्लँक वस्तुमानाच्या, म्हणजे एका कणाचेही गुरुत्व दुर्लक्षिता येणार नाही अशा अवाढव्य वस्तुमानाच्या, आसपास जाते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान त्याच्या तुलनेत १० च्या उणे २२ व्या घाताहूनही कमी भरते. म्हणजे इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन यांपैकी कोणीही ‘वरचा स्वर’ नाही. आजवर सापडलेले सारे मूलकण सर्वांत खालच्या, जवळजवळ शून्य वस्तुमानाच्या एकाच पातळीत बसतात. त्यांच्यातले भेद कंपनाच्या दिशेवरून आणि नेहमीच्या दिशांपलीकडे सिद्धान्ताला लागणाऱ्या जादा मितींच्या घडणीवरून ठरतात, आणि त्यांना असलेले थोडेफार वस्तुमान दुसऱ्या कारणांनी येते. सप्तकाचा तक्ता करणाऱ्याने हे वाचले असते तर तक्ता तिथेच फाडला असता. माझी स्वतःची सवय अशी आहे की सतार एकदाच, एकाच वाक्यात आणावी आणि लगेच पुढच्या वाक्यात ती कुठे निरुपयोगी ठरते ते सांगावे. तसे सांगता येत नसेल, तर सतार आपल्यालाच कळलेली नाही असे समजून ते वाक्य काढून टाकावे.

‘अतिशय सूक्ष्म’ एवढे लिहून लांबीचा विषय संपवणे ही दुसरी चूक. अणूचा आकार १० च्या उणे १० व्या घाताइतके मीटर, अणुकेंद्राचा उणे १५ च्या आसपास, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राची, नजर साधारण उणे १९ पर्यंत, आणि स्ट्रिंगची लांबी जिच्या आसपास धरतात ती प्लँक लांबी उणे ३५. अणूपासून कोलायडरच्या नजरेपर्यंत आपण नऊ पायऱ्या उतरलो आहोत आणि स्ट्रिंगच्या अपेक्षित लांबीपर्यंत आणखी सोळा उरल्या आहेत. हे चार आकडे लिहिले की ‘अजून पुरावा का नाही?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपोआप मिळते.

तिसऱ्या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. हा सिद्धान्त आइन्स्टाइनचे स्वप्न पूर्ण करण्यासाठी जन्मला, असे बहुतेक लेखांत असते आणि ते खरे नाही. १९६८ मध्ये गॅब्रिएले व्हेनेझियानो यांना अणुकेंद्रातल्या तीव्र बलाने होणाऱ्या टकरींचे वर्णन ऑयलरच्या एका जुन्या गणिती फलनातून करता आले, आणि पुढे नाम्बू, नील्सन व ससकिंड यांनी वेगवेगळे दाखवले की त्या सूत्रामागे बिंदूऐवजी तंतू धरता येतो. तीव्र बलासाठी ही कल्पना टिकली नाही. १९७३ च्या सुमारास प्रोटॉनसारख्या कणांच्या आतले क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांच्या सिद्धान्ताने बाजी मारली. शिवाय समीकरणांतून शून्य वस्तुमानाचा, २ स्पिनचा (स्पिन म्हणजे कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुणधर्म) एक कण पुनःपुन्हा डोके वर काढत होता आणि तीव्र बलाच्या प्रयोगांत तसे काही दिसत नव्हते. हा नकोसा कण म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वाहक ग्रॅव्हिटॉन असावा, असे १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी, तसेच स्वतंत्रपणे योनेया यांनी सुचवले. तरीही दहा वर्षे मोजकेच लोक या वाटेने चालत राहिले. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी सिद्धान्तातली एक घातक गणिती विसंगती कटते असे दाखवल्यावर गर्दी झाली, आणि १९९५ मध्ये विटन यांनी सुपरस्ट्रिंग सिद्धान्त म्हणून ओळखली जाणारी स्ट्रिंग सिद्धान्ताची पाचही रूपे एकाच ११ मितींच्या रचनेच्या बाजू असाव्यात असे मांडले. ज्या कामासाठी अवजार घडवले ते काम त्याने केले नाही, पण भलतेच काम त्यातून निघाले, ही हकिकत कोणत्याही स्वप्नपूर्तीपेक्षा वाचनीय आहे. ती गाळून आइन्स्टाइनचे छायाचित्र लावणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

पुंज यांत्रिकीकडे, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या भौतिकीकडे, वळले की ‘निरीक्षक पाहतो म्हणून जग घडते’ हे वाक्य हमखास सापडते, आणि त्याच्या मागोमाग मनःशक्तीची शिबिरे येतात. पाहणे म्हणजे इथे डोळ्यांनी पाहणे नव्हे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूंचे व्यतिकरण, म्हणजे लहरींसारखे एकमेकांत मिसळून पट्टे उमटवणे, दाखवले. पुढे अशाच मोठ्या रेणूंच्या प्रयोगांत त्यांनी उपकरणात थोडा वायू सोडला, तेव्हा वायूच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींमुळे व्यतिकरणाचे पट्टे फिके पडत गेले. तिथे निरीक्षकाची भूमिका वायूने पार पाडली, आणि वायूला मन असल्याचा दावा शिबिरवाल्यांनीही अद्याप केलेला नाही. ‘निरीक्षक’ लिहायची इच्छा झाली की त्या जागी वायू ठेवून वाक्य पुन्हा वाचावे.

मिती म्हणजे दुसरे जग नव्हे. ती एक दिशा आहे, म्हणून ‘पाचव्या मितीत राहणारे जीव’ कथेसाठी राखून ठेवावेत. मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडल्या जाणाऱ्या हिग्ज कणाला ‘देवकण’ म्हणू नये, आणि साऱ्या वस्तुमानाचे श्रेयही त्याला देऊ नये, कारण प्रोटॉनचे बहुतेक वस्तुमान क्वार्क-ग्लुऑनांच्या ऊर्जेतून येते. स्ट्रिंगच्या लेखात उपनिषदे ओढून आणू नयेत; त्यांवर लिहायचे असल्यास स्वतंत्र लेख लिहावा.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे सापेक्षता, पुंज यांत्रिकी आणि स्ट्रिंग सिद्धान्त यांना एकाच पंक्तीला बसवणे. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि त्यासाठी त्यांचा वेग आधीच दुरुस्त करून ठेवावा लागतो. सापेक्षतेने सांगितलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले तरंग, १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. स्ट्रिंग सिद्धान्ताच्या पदरी असा एकही प्रयोग नाही. प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार असावा असे सांगणाऱ्या सुपरसिमेट्रीचे कण कोलायडरमध्ये अद्याप मिळालेले नाहीत, मात्र तेवढ्यावरून सिद्धान्त खोटाही ठरत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेमुळे ‘मराठवाड्यात स्ट्रिंग सिद्ध होणार’ असा मथळा एका लेखावर आला होता. ती वेधशाळा कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे यांच्या टकरींतून उठणाऱ्या लहरी टिपण्यासाठी आहे. मी अशा लेखांच्या समासात प्रत्येक दाव्यापुढे ‘मोजले’, ‘गणिताने दाखवले’ किंवा ‘सुचवले’ यांपैकी एक शब्द लिहितो. तिसरा शब्द जिथे पडतो तिथे ‘आहे’ काढून ‘असावे’ करावे लागते.

‘गणिताने दाखवले’ या मधल्या शेऱ्याच्या वाट्यालाही पुष्कळ मोलाचे काम येते. काही विशिष्ट कृष्णविवरांची एंट्रॉपी (आतल्या संभाव्य अवस्थांच्या संख्येचे माप) स्ट्रिंगच्या अवस्था मोजून काढता येते आणि ती बेकनस्टाइन व हॉकिंग यांच्या सूत्राशी जुळते, हे स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये दाखवले. इटलीतील त्रिएस्त येथील आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे २०१९ मध्ये संचालक झालेले अतिश दाभोलकर यांचे संशोधनही याच प्रदेशातले. गुरुत्व आणि पुंज यांत्रिकी यांचा मेळ घालण्याची ही एकमेव वाट आहे असे मात्र लिहू नये. शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या चलांवर (समीकरणांतल्या नव्या राशींवर) उभी राहिलेली लूप पुंज-गुरुत्वाची वाट वेगळी आहे, आणि तिचेही प्रायोगिक उत्तर अजून यायचे आहे.