फंडाची यादी नंतर, आधी शेड्यूल वनचा उतारा

नवीन संस्थावाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठून फंड मिळेल, यादी द्या ना." यादीने काही होत नाही, हे मी आता तोंडावर सांगते. नाबार्ड, टाटा ट्रस्ट्स, कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातून समाजकामाला द्यायचा निधी) ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. मराठवाड्यातल्या ज्या छोट्या संस्था मी जवळून पाहिल्या, त्यांचं काम चांगलं होतं आणि गावाचा विश्वासही होता. पैसा अडला तो कागदावर.

आयकर सवलतीच्या बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदण्या, सरकारी दर्पण पोर्टलचा नंबर, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मला बोलायचंय ते चेंज रिपोर्टबद्दल.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आपली नोंदणी होते. तेव्हाचे विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे सगळं शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदपत्रकावर चढतं. पुढे कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडली, की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो मंजूर झाला की नवी नावं शेड्यूल वनवर येतात. तोपर्यंत गावाने हार घालून बसवलेला अध्यक्ष कागदावर अध्यक्ष नसतो.

गावाकडच्या संस्थांत काय होतं? संस्थापक गुरुजी किंवा डॉक्टर असतात, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. सभा होते, ठराव होतो, चहा होतो, रजिस्टर कपाटात जातं. असं पंधरा-वीस वर्षं चालतं आणि कुणाचं काही अडत नाही, कारण कुणी मोठा पैसा द्यायलाच आलेलं नसतं. मी आमच्या संस्थेचं काम बघायला लागले तेव्हा शेड्यूल वनवरची निम्मी माणसं हयात नव्हती. एका कंपनीची गावभेट झाली होती, वस्तीच्या पाण्याचं अंदाजपत्रक ठरलं होतं, त्यांचे साहेब खूश होते. मग त्यांच्या कायदा विभागाने शेड्यूल वन मागितला. करारावर सही करणाऱ्याचं नाव त्यात नाही म्हटल्यावर सगळं थांबलं. त्या वर्षीचा पैसा दुसऱ्या संस्थेला गेला. वस्तीवरच्या बायका पुढे कितीतरी दिवस विचारायच्या, "ताई, टाकीचं काय झालं?" त्याचं दुःख मला आजही आहे.

आता हा सापळा नीट समजून घ्या. एक चेंज रिपोर्ट राहिला तर एवढं बिघडत नाही. उशीर माफ व्हावा म्हणून कारण देऊन अर्ज करता येतो. पण दर पाच वर्षांनी निवडणूक अशी तुमची घटना सांगत असेल आणि मधल्या तीन निवडणुका नोंदवलेल्याच नसतील, तर गोष्ट वेगळी. आजची कार्यकारिणी निवडणारी सभा कुणी बोलावली? मागच्या कार्यकारिणीने. ती कागदावर आहे का? नाही. मग तिला सभा बोलावायचा अधिकार कुठून आला? म्हणून जुन्यापासून क्रमाने वर यावं लागतं. प्रत्येक टप्प्याला सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, नव्यांची संमतीपत्रं आणि वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले लागतात. नोटीस पोचल्याचा पुरावा हमखास सापडत नाही. त्यात एखादा नाराज जुना सभासद हरकत घेऊन उभा राहिला, की प्रकरण वादात जातं आणि वर्षं जातात.

आणि बाकीचं सगळं या नावांवर टांगलेलं असतं. बँक खात्यावरच्या सह्या, दर्पणवरचे पदाधिकारी, सीएसआर-१ ला लागणारी डिजिटल सही, आयकराच्या पोर्टलवरचा अधिकृत माणूस. एक नाव जुळलं नाही की देणारा म्हणतो, आधी घर नीट करा. त्याचं चुकतही नाही.

तेव्हा प्रपोजलचं पहिलं पान लिहिण्याआधी शेड्यूल वनची प्रमाणित प्रत काढा आणि त्यातली नावं आजच्या कार्यकारिणीशी लावून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. खरंच नाही. संस्था लहान असेल आणि भांडण नसेल तर निम्मी लढाई जुनी रजिस्टरं शोधण्यातच आहे. घाबरून बसू नका.

घाबरलेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. "वर्षानुवर्षं जुनी, ऑडिटवाली तयार संस्था घ्या, नाव आपलं लावू." याला हातसुद्धा लावू नका, दुसऱ्याच्या जुन्या हिशेबाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. "फंड मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती रक्कम हिशेबात कुठल्या नावाने दाखवणार? मोठ्या शहरातल्या कार्यशाळांमधल्या मार्गदर्शकांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं ट्रस्टचे हिशेब लिहिणारा एखादा अकाउंटंट असतो, त्याच्या शेजारी चार दुपारी बसा. मी जे शिकले ते तिथेच.

सीएसआरबद्दल दोन गैरसमज फार दिसतात. पहिला साखर कारखान्याचा. कंपनी कायद्याचं कलम १३५ कंपन्यांना लागू आहे: निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यांपैकी काहीही असलं तरी. सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे, त्यामुळे तिथे "तुमचा दोन टक्के निधी द्या" म्हणून हक्काने जाता येत नाही. खाजगी कारखान्याकडे जाता येतं. दुसरा गैरसमज पाच टक्क्यांचा: संस्थेने पगारासकट सगळा प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांतच बसवायचा, हा. प्रशासकीय खर्चावरची ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खर्चावर आहे. तुमच्या प्रकल्पावर राबणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे, तो अंदाजपत्रकात पूर्ण लिहा. कमी दाखवलं म्हणजे लवकर मंजूर होतं, ही समजूत आपल्या मुलींना अर्ध्या मानधनावर राबवते. मला याचा संताप येतो.

नाबार्डच्या पाणलोटाची रीत वेगळी आहे. तिथे आधी गावाला श्रमदान करून दाखवावं लागतं, मग छोटा टप्पा आणि त्यानंतर पूर्ण काम. गावात एकी नसेल तर तो रस्ता धरू नका. परदेशी पैशाचा विचार नव्या संस्थेने सध्या सोडून द्यावा. त्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत.

वेळेचंही सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये "उरलेला पैसा" मिळेल म्हणून कंपन्यांच्या दारात गर्दी होते. त्या घाईत मिळालेलं काम बहुधा वस्तूवाटपाचं असतं. कंपनीला वर्षाचा सीएसआर आराखडा संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून बोलणं दिवाळीनंतर सुरू करा. त्याआधी त्या कंपनीच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीचे मंजूर प्रकल्प वाचा. तुमच्या जिल्ह्यात, तुमच्यासारखं काम एकही नसेल तर पुढची कंपनी बघा. असेल तर फोन करा, आणि फोन करताना शेड्यूल वन समोर ठेवा.