दारू पिऊन गाडी चालवल्याने लायसन्स गेलंय? आधी आदेश कुणाचा ते बघा

ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये अडकलेला माणूस आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आला, की मी त्याला बसायला सांगते आणि पहिला प्रश्न विचारते : आदेश कुणाचा आहे, कोर्टाचा की आरटीओचा? बहुतेकांना सांगता येत नाही. कोर्टात दंड भरला, पावती मिळाली, म्हणजे आता आरटीओच्या खिडकीवर गेलं की लायसन्स हातात पडेल, अशा समजुतीने ते आलेले असतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मी आणि माझे मिस्टर नाशिकला पंचवटीत स्कूल चालवतो. पेठ रोडचं आरटीओ जवळ असल्यामुळे शिकायला येणाऱ्यांच्या जोडीला असे अडकलेले लोकही येतात. मी वकील नाही. कोर्टातलं काम वकिलाकडूनच करून घ्या. पण कुठला कागद कधी हातात हवा, हे मी पुष्कळ जणांना सांगत आले आहे, तेच इथे लिहिते.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तुमच्यावर लागलेलं असतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की हा गुन्हा होतो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याच्या चलनासारखं हे जागेवर पैसे भरून मिटत नाही, आणि लोकअदालतीची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही, कारण हा तडजोडीचा गुन्हाच नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं.

आता लायसन्सचं. त्याच्यावर दोन बाजूंनी गदा येते. कोर्टाने कलम १८५ खाली दोषी ठरवलं, की कलम २० प्रमाणे किमान ६ महिने लायसन्स बाळगायला अपात्र ठरवायचं असतं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आरटीओची. नाकाबंदीत पोलिसांनी तुमचं लायसन्स जप्त केलं, ते कलम २०६ खाली आरटीओकडे पाठवलं, की तिथे कलम १९ ची कारवाई सुरू होते. तिच्यात पहिल्या वेळी ३ महिने निलंबन आणि दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द. कोर्टाचे ६ महिने संपले म्हणून आरटीओचा आदेश आपोआप उठला असं होत नाही, आणि आरटीओचे ३ महिने संपले म्हणजे कोर्टाचा आदेश संपला असंही नाही. म्हणून पहिलं काम एवढंच, की आपल्या लायसन्सवर किती आदेश आहेत आणि कुठला कुठल्या तारखेला संपतो, हे कागदावरून शोधून काढायचं. कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

त्यासाठी तीन गोष्टी जमवा. पोलिसांनी लायसन्स घेताना दिलेली पावती. कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत. आणि आरटीओकडून आलेली नोटीस किंवा आदेश. प्रमाणित प्रतीसाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, केस नंबर आणि निकालाची तारीख लिहायची. नुसत्या दंडाच्या पावतीवर अवलंबून राहू नका. किती महिने अपात्र ठरवलं, कोणत्या तारखेपासून, आणि सगळ्या वाहनांसाठी की ठरावीक प्रकारच्या वाहनासाठी, हे तिच्यात कळत नाही, ते आदेशात असतं. तारीख स्पष्ट नसेल तर वकिलाला सांगून ती कोर्टाकडून स्पष्ट करून घ्या. जोडीला सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून आजची स्थिती बघा आणि त्या पानाची छापील प्रत फाईलला लावा.

पोलिसांच्या पावतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे होणारं नुकसान मी बघितलं आहे. दिंडोरीकडचा एक पिकअपवाला द्राक्षांच्या हंगामात माझ्याकडे आला होता. शर्टाच्या खिशातून त्याने ती पावती काढली. घडीवर फाटायला आलेली, घामाने शाई पसरलेली, नाव जेमतेम वाचता येत होतं. "मॅडम, ही आहे ना, तोवर चालतं," असं म्हणाला आणि रोज रात्री माल घेऊन जात होता. चालत नाही. लायसन्स जमा केल्याची ती पोच आहे, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, मग मालकाला फोन लावून दुसरा ड्रायव्हर बघायला सांगितलं. हंगामात असा फोन करणं किती जड जातं हे मला माहीत आहे. तरी त्याने तो केला याचं मला फार बरं वाटलं.

कारण अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ लागतं : ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच काळात हातून कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला उभी राहू शकते. शेत विकायची वेळ येते अशाने. त्या काळात एसटीने जा, सायकल काढा, घरात दुसऱ्या कुणाकडे लायसन्स असेल तर त्याला चालवू द्या. स्कूटी छोटी आहे म्हणून सूट मिळत नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन लायसन्स काढून देतो असं सांगणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. अपात्र असताना नव्या लायसन्ससाठी अर्ज करणं हाच त्या कलम १८२ खाली गुन्हा आहे, आणि तसं काढलेलं लायसन्स कायद्याने निरर्थक ठरतं.

आरटीओची नोटीस आली की तिला उत्तर द्याच. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. पत्ता बदलला असेल आणि तुम्ही जुन्या भाड्याच्या खोलीतून निघून गेला असाल, तर नोटीस तुम्हाला कळायच्या आत आदेश होऊ शकतो. म्हणून लायसन्स जप्त झालं की थोड्या दिवसांनी स्वतः जाऊन प्रकरण कुठल्या टेबलावर आहे ते विचारून या. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय निलंबन करता येत नाही, आणि ऐकल्यावर कारणं लेखी नोंदवावी लागतात. कायद्यात अधिकाऱ्याला सोडून द्यायचीही मुभा आहे, त्यामुळे सुनावणी हा नुसता उपचार समजू नका.

उत्तर एका पानात बसेल असं लिहा. आधी कधी गुन्हा नोंदला गेला नसेल तर तसं लिहा, पोट गाडीवर असेल तर मालकाचं पत्र किंवा व्यावसायिक ड्रायव्हरच्या बॅजची प्रत जोडा, अपघात झाला नसेल तर तेही लिहा. खोटं काही लिहू नका, दारू तपासणाऱ्या मशीनचा कागद त्यांच्यासमोर असतो. आणि कोर्टातली केस अजून चालू असेल तर "मी दारू प्यायलो होतो" असं आरटीओला लिहून देण्याआधी वकिलाला विचारा. त्या ओळीचा कोर्टात काय उपयोग होईल ते त्याला कळतं. उत्तराच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आरटीओचा आदेश मान्य नसेल तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. कुणाकडे करायचं ते त्याच कार्यालयात विचारून घ्या. कोर्टाच्या आदेशावर वरच्या कोर्टात जाता येतं, पण अपील दाखल केलं म्हणजे आदेश थांबला असं समजून गाडी काढू नका. वरच्या कोर्टाने तसा हुकूम दिला तरच तो थांबतो.

कोर्टाने ६ महिन्यांपेक्षा जास्त, समजा एक वर्ष, अपात्र ठरवलं असेल तर कलम २३ लक्षात ठेवा. आदेशाच्या तारखेपासून ६ महिने झाले की ज्याने आदेश दिला त्याच्याकडेच तो उठवायला किंवा कमी करायला अर्ज करता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं, वकिलांनाही कधी कधी आठवण करून द्यावी लागते. अर्ज नाकारला तर पुढचा अर्ज ३ महिन्यांनंतरच घेतात, म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण तयारीने करा. दंड भरल्याची पावती, मधल्या काळात एकही गुन्हा नाही हे दाखवणारं काही, नोकरीचं पत्र, आणि दारू सोडण्यासाठी उपचार घेतले असतील तर त्याचं प्रमाणपत्र.

उपचारांचं मी मनापासून सांगते, लायसन्ससाठी नाही तर घरासाठी. नेहमी पिणाऱ्याला आरटीओ कलम १९ खाली वेगळ्यानेही अपात्र ठरवू शकतं, हा एक भाग झाला. पण माझ्यासमोर त्या माणसाची बायको बसलेली असते आणि ती काही बोलत नसते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा महाराष्ट्रात अनेक गावांत होतात आणि तिथे फी लागत नाही. फोन करून बघा.

मुदत संपली की काय? लायसन्स आपोआप पोस्टाने येत नाही. आरटीओने निलंबित केलेलं लायसन्स परत मिळण्यासाठी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं, प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, ही अट २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. हे प्रशिक्षण कुठेही करून चालत नाही. आमच्याकडे लोक प्रमाणपत्र मागायला येतात, त्यांना मी सरळ परत पाठवते. कुठल्या केंद्राचं प्रमाणपत्र धरतात ते आरटीओत विचारा, आणि निलंबन चालू असतानाच विचारा, म्हणजे नंतर जागा मिळेपर्यंत थांबावं लागणार नाही.

मग फाईल घेऊन जा : अर्ज, आरटीओचा आदेश, कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती, जप्तीची पावती, रिफ्रेशरचं प्रमाणपत्र, आधार आणि पत्त्याचा पुरावा. सगळ्याच्या दोन प्रती. लायसन्स अजून कोर्टाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या ताब्यात असेल तर ते आधी तिथून मोकळं करून घ्यावं लागेल.

मधल्या काळात लायसन्सची मुदतच संपली असेल तर तारीख बघा. संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर पुन्हा चाचणी नाही, वर्ष उलटलं की चाचणी द्यावी लागते. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरचं १-अ नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आणि दुसऱ्या गुन्ह्यामुळे लायसन्स रद्दच झालं असेल तर अपात्रता संपल्यावर लर्निंगपासून सुरुवात : आधी लर्निंगची परीक्षा, मग किमान ३० दिवस थांबून पक्क्या लायसन्सची चाचणी. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूसही ट्रॅकवर घाबरतो, म्हणून थोडा सराव करून जा. सराव लर्निंग लायसन्स हातात आल्यावरच, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवून.

लायसन्स हातात आलं की तिथेच उभं राहून वाहनांचे सगळे प्रकार जसे होते तसे आहेत का ते तपासा, विशेषतः ट्रान्सपोर्टचा. घरी येऊन सारथीवर स्थिती पुन्हा बघा. लायसन्स हातात असलं तरी पोर्टलवर जुनं निलंबन दिसत असेल तर पुढच्या नाकाबंदीत तुम्हालाच समजावत बसावं लागेल. तसं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या.

शिक्षेची नोंद लायसन्सवर राहते आणि नवीन किंवा डुप्लिकेट काढलं तरी त्याच्यावर उतरते. ती कायमची नसते. शेवटच्या नोंदीनंतर सलग ३ वर्षं दुसरी नोंद झाली नाही, तर कलम २५ प्रमाणे जुनं लायसन्स जमा करून नोंद नसलेलं नवीन मागता येतं. अपात्र असलेले महिने त्या ३ वर्षांत धरत नाहीत. कंपन्यांत ड्रायव्हरची नोकरी शोधणाऱ्यांनी ती तारीख आजच लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यात अर्ज करावा.