खोलीतल्या रोपांसाठी ग्रो लाइटचा प्रकाश कसा मोजावा

मृगाचा पाऊस एकदा धरला की बेळगाव, खानापूर, जांबोटी या पट्ट्यात सूर्यदर्शन दुर्मीळ होते. शहापूर-वडगावच्या जुन्या, लांबट आणि अरुंद घरांत तर माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा दिवसांत तुळस, कोथिंबीर किंवा मिरचीचा तरवा घरात जगवण्यासाठी अलीकडे बरेच जण ग्रो लाइट, म्हणजे रोपे वाढवण्यासाठीचा दिवा, आणतात, दिवा लावल्यावर कोपरा उजळून निघालेला पाहतात आणि रोपांची सोय झाली असे समजतात. पंधरा दिवसांनी रोपे लांबडी होतात, दोन पेरांतील अंतर वाढते, दांडा कलंडतो, आणि दोष मातीला किंवा बियाण्याला दिला जातो. बहुतेक वेळा दोष प्रकाशाचा असतो. तो आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोळा कमी-जास्त उजेडाशी स्वतःला जुळवून घेत असल्यामुळे पाचशे लक्स आणि पाच हजार लक्स (लक्स हे उजेडाचे माप) यांतला दहापट फरक आपल्याला जेमतेम जाणवतो. म्हणून प्रकाश डोळ्याने जोखू नये, मोजावा.

काय मोजायचे, हे आधी ठरवावे

दिव्याच्या खोक्यावर वॉट लिहिलेले असतात. दिवा किती वीज घेतो एवढेच त्यावरून कळते. ल्युमेन आणि लक्स ही प्रकाशाची मापे खरी, पण ती माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने ठरवलेली आहेत, आणि आपल्या डोळ्याला सर्वांत जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश. वनस्पती अन्न तयार करण्यासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातील प्रकाशकण वापरते. त्या पट्ट्यातील किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, त्याचे माप मायक्रोमोलमध्ये सांगतात आणि त्याला पीपीएफडी म्हणतात. दिवसभरात पडलेल्या सगळ्या प्रकाशाची बेरीज म्हणजे डीएलआय, आणि ती मोलमध्ये मोजतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). रोपाला शेवटी कामी येते ती ही बेरीज.

पीपीएफडी थेट दाखवणारे पार-मीटर महाग असतात, दोन-चार कुंड्यांसाठी ते घेण्याचे कारण नाही. पांढऱ्या एलईडीखाली साधा लक्समीटर आणि एक भागाकार एवढ्यावर काम भागते. लक्सचा आकडा सुमारे ७० ने भागला की पीपीएफडी मिळतो. उन्हासाठी हाच भाजक ५४ आहे. एलईडीच्या रंगछटेप्रमाणे ७० हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, परंतु घरगुती कामात तेवढी चूक चालून जाते.

जांभळट-गुलाबी उजेडाच्या लाल-निळ्या दिव्यांना मात्र हे गणित मुळीच लावू नये. याची किंमत मी स्वतः मोजली आहे. पहिल्या वर्षी असा एक दिवा आणला, लक्समीटर तुळशीशेजारी धरला तर आकडा ९०० च्या पुढे जाईना. प्रकाश फारच कमी पडतो असे समजून मी दिवा शेंड्यापासून चार बोटांवर आणला. चौथ्या दिवशी वरची कोवळी पाने कडेने वाटीसारखी वळली आणि त्यांच्या टोकांचा हिरवा रंग उडून ती पांढरी पडली. दिव्यात प्रकाश भरपूर होता, पण गडद लाल आणि निळ्या रंगाला लक्समीटर जवळजवळ मोजतच नाही, कारण त्याला आपल्या डोळ्यासारखे पाहायला शिकवलेले असते. असा दिवा घरात असेल तर उत्पादकाने दिलेला अंतरानुसार पीपीएफडीचा तक्ता पाहावा. तक्ता नसेल तर पांढरा दिवा घेणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजण्याची तयारी

मोजणी रात्री करावी. बाहेरचा उजेड नसल्यामुळे दिव्याचाच आकडा मिळतो. दिवसा मोजायचे झाल्यास आधी दिवा बंद ठेवून आकडा घ्यावा आणि नंतर तो वजा करावा. दिवा लावल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, कारण एलईडी तापल्यावर त्याचा उजेड किंचित उतरतो आणि मग स्थिर होतो.

लक्समीटर नसेल तर मोबाइल चालतो, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. अँड्रॉइड मोबाइलमध्ये उजेड ओळखणारा संवेदक बहुधा वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो. बोट फिरवून आकडा कुठे घसरतो ते पाहिले की त्याची जागा सापडते. त्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवावा, म्हणजे बाजूने तिरपा येणारा प्रकाशही मोजला जातो. कागदामुळे आकडा कमी येतो, म्हणून एकदा कोणाचा तरी लक्समीटर मागून आणावा, दोन्ही एकाच जागी ठेवून आकडे घ्यावेत आणि किती पटीचा फरक पडतो ते वहीत लिहून ठेवावे. लक्समीटर ६,००० आणि मोबाइल ४,००० दाखवत असेल, तर पुढे मोबाइलच्या प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे. ही तुलना ज्या दिव्याखाली रोपे ठेवायची आहेत त्याच दिव्याखाली करावी.

प्रत्यक्ष मोजणी

संवेदक रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर, तोंड सरळ वर करून, आडवा धरावा. बरेच जण तो दिव्याकडे रोखतात. तसे केल्यास आकडा फुगतो, कारण पान दिव्याकडे मान वळवून बसलेले नसते. कुंडीच्या मातीवर ठेवून मोजणेही चुकीचेच, कारण तिथे वरच्या पानांची सावली असते. हात बाजूने पुढे करावा, डोके दिव्याखाली आणू नये आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वासभर थांबावे. अनेक लक्समीटरांवर मोजपट्टीचे बटण असते. प्रकाश निवडलेल्या पट्टीच्या बाहेर गेला की पडद्याच्या डाव्या कडेला नुसता १ उमटतो. तो आकडा नव्हे. अशा वेळी पुढची पट्टी निवडावी.

एका जागी मोजून थांबू नये. फळीची जागा मनात नऊ चौकोनांत विभागावी आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी आकडा घ्यावा. माझ्या लाकडी मांडणीत दोन २० वॉटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब शेंड्यांपासून १५ सेंटिमीटरवर आहेत. तिथे मधल्या चौकोनात १०,५०० लक्स आणि कोपऱ्यांत ५,६०० लक्स मिळाले, म्हणजे एकाच फळीवरच्या दोन कुंड्यांच्या वाट्याला येणाऱ्या प्रकाशात जवळजवळ दुपटीचा फरक. तोपर्यंत कोपऱ्यातली कोथिंबीर का खुरटते हे मला उमगत नव्हते. मांडणीच्या मागची भिंत जुन्या चुन्याची आहे. ती बाजू उघड्या बाजूपेक्षा चांगली भरते, कारण स्वच्छ पांढरा चुना प्रकाश सर्वत्र सारखा परतवतो. इतर तीन बाजूंना पांढरा पुठ्ठा लावल्यावर कोपऱ्यांतला आकडा लगेच सुधारला.

दिवा वर-खाली केल्यावर पुन्हा मोजावे. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हा नियम छोट्या बल्बला लागू पडतो. लांब ट्यूबखाली, अंतर तिच्या लांबीच्या मानाने कमी असेल तर, अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश निम्म्याच्या जवळपास राहतो. म्हणून पाठ केलेल्या नियमापेक्षा हातातला आकडा खरा मानावा.

दिवसाची बेरीज

आता पीपीएफडीला दिवा चालण्याच्या तासांनी आणि मग ०.००३६ ने गुणावे. माझ्या मधल्या चौकोनात १०,५०० भागिले ७० म्हणजे १५० मायक्रोमोल. १६ तासांचे झाले सुमारे ८.६ मोल. कोपऱ्यात ८० मायक्रोमोल, म्हणजे जेमतेम ४.६ मोल. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांसारख्या सावलीत रमणाऱ्या झाडांना २ ते ६ मोल पुरतात, त्यांच्यासाठी कोपराही ठीक आहे. मिरची-टोमॅटोचा तरवा धष्टपुष्ट हवा असेल तर १० ते १२ मोल तरी द्यावे लागतात. तुळस, पालक, कोथिंबीर १२ ते १६ मोलांत चांगली वाढतात, आणि मिरचीला घरातच फळ धरायचे असेल तर २० ते ३० मोल लागतात, जे घरगुती ट्यूबवर परवडत नाही. मी तिसरी ट्यूब जोडली, मधला आकडा १४,००० लक्सवर गेला आणि बेरीज साडेअकरा मोल झाली. त्या वर्षीचा तरवा बुटका आणि जाड दांड्याचा निघाला.

आकडा कमी पडतो म्हणून दिवा चोवीस तास चालू ठेवू नये. टोमॅटोची पाने सततच्या प्रकाशात पिवळी पडतात. १६ तासांपर्यंत जावे, त्यापुढे दिवा जवळ आणावा किंवा दिव्यांची संख्या वाढवावी. जवळ आणताना शेंड्याच्या उंचीवर तळहात अर्धा मिनिट धरावा. हाताला गरम लागले तर पानालाही लागते.

खिडकीच्या भरवशावर राहता येईल का, हेही याच रीतीने तपासावे. आपल्याकडे जूनचा दिवस सुमारे १३ तासांचा आणि डिसेंबरचा सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे दिवस पुरेसा मोठा असूनही पावसाळ्यात प्रकाश खातात ते ढग. जुलैच्या एका दुपारी मी खिडकीपासून चार फुटांवर ८०० लक्स मोजले. ५४ ने भागून १५ मायक्रोमोल, आणि दहा तास तसेच गेले तरी बेरीज अर्ध्या मोलाच्या आसपास. तेवढ्यावर तुळस जगत नाही.

विजेचा हिशेब

पावसाळ्यात तारा तुटतात आणि वीज जाते. जितके तास दिवा बंद होता, तितके तास बेरजेतून वजा करावेत. दात्यांच्या चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की जागीच थांबतो आणि नंतर तेवढाच मागे पडतो. चार-पाच वेळा असे झाले की दिवा भलत्याच वेळी लागू लागतो. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर या भागात अधिक उपयोगी ठरतो. स्वस्त दिव्यांचा उजेड दाब उतरला की कमी होतो, म्हणून संध्याकाळी आणि मध्यरात्री एकदा वेगवेगळी मोजणी करून पाहावी.

वहीत तारीख, अंतर, नऊ आकडे आणि तास अशी नोंद ठेवावी. रोप वाढले की शेंडा दिव्याजवळ जातो, त्यामुळे आठवड्यातून एकदा मोजून दिवा वर घ्यावा. ट्यूब दर महिन्याला बंद करून कोरड्या फडक्याने पुसावी.

गणपतीनंतर पाऊस ओसरू लागला की रोपे बाहेर काढण्याची घाई होते. दुपारचे निरभ्र ऊन एक लाख लक्सच्या घरात असते, म्हणजे २,००० मायक्रोमोलच्या जवळपास. दिव्याखाली वाढलेल्या तरव्याने त्याचा दहावा भागच पाहिलेला असतो. म्हणून मीटर घेऊन परड्यात फिरावे आणि जिथे दुपारी १५,००० लक्सच्या आसपास आकडा येतो अशी झाडाखालची किंवा भिंतीआडची जागा शोधावी. तिथे रोपे तीन-चार दिवस ठेवावीत, मग सकाळचे कोवळे ऊन द्यावे, आणि आठ-दहा दिवसांनी उघड्यावर न्यावीत.