मैदानावर एक गुंठा आखताना: लहान गट आणि प्रत्यक्ष कृतीतून सहावी ते आठवीचे गणित कसे शिकवावे

आयताचे क्षेत्रफळ विचारले की सातवीचा वर्ग एका सुरात ‘लांबी गुणिले रुंदी’ असे उत्तर देतो. त्याच वर्गाला एक गुंठा जमीन म्हणजे नेमकी किती, हे हात पसरून दाखवायला सांगितले तर बहुतेक मुले गोंधळतात, आणि तरीही हा शब्द त्यांच्या घरात नेहमी बोलला जातो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. हा एक गुंठा शाळेच्या मैदानावर आखण्याचा प्रकल्प चार तासिकांत कसा घ्यावा, ते येथे क्रमाने सांगितले आहे. अशा प्रकल्पात मोजमाप हे केवळ निमित्त असते. दोन गटांची उत्तरे जुळत नाहीत तेथे खरे गणित सुरू होते, आणि सारी आखणी त्या क्षणासाठी करायची असते.

सुरुवात गट पाडण्यापासून करावी. गट चौघांचा असावा, कारण पाच-सहा जणांच्या गटात एकदोघे हमखास बघे होतात. हजेरी क्रमांकाने किंवा मैत्रीप्रमाणे गट पाडू नयेत. आदल्या दिवशी एक साधे उदाहरण सोडवायला देऊन, त्या वह्या समोर ठेवून शिक्षकाने स्वतः गट ठरवावेत. सर्वांत हुशार मुलाला सर्वांत मागे असलेल्या मुलाशेजारी बसवून ‘तू याला शिकव’ म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. पहिला घाईने उत्तर सांगून टाकतो आणि दुसरा ते उतरवून घेतो. तयारीत फार अंतर नसलेली, पण वेगवेगळ्या पद्धतीने विचार करणारी मुले एकत्र आली की बोलणे होते.

प्रत्येक गटात दोघे दोरी धरतात, एक जण नोंद ठेवतो आणि एक जण पडताळणी करतो. ही कामे दर तासिकेला बदलावीत. बदलली नाहीत तर दोरी मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती अशी वाटणी आपोआप होऊन बसते, आणि मुलींचे अक्षर चांगले असते हे त्यासाठी कारण म्हणून पुरेसे मानले जाते. ते होऊ देऊ नये.

साहित्य थोडकेच लागते: प्रत्येक गटाला सुतळी, चार खुंट्या, थोडी फक्की आणि एक नोंदीचा कागद. मोजपट्टीची लांब टेप शाळेत एकच असली तरी चालते, कारण प्रत्येक गटाने आपली सुतळी त्या टेपवरून फुटाफुटाला खुणा करून तयार करायची असते. गाठ मारल्यावर सुतळी थोडी आखूड होते, म्हणून खुणा गाठी मारून झाल्यावरच कराव्यात. नोंदीचा कागद विसरू नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सगळा वर्ग एका टेपनिशी बाहेर काढला होता. कोणी काय करायचे हे ठरलेले नव्हते, लिहायला काही नव्हते, आणि घंटा झाली तेव्हा मुले आनंदात असली तरी कोणाजवळ एकही आकडा नव्हता.

पहिल्या तासिकेत थेट गुंठ्याला हात घालू नये. शाळेची परसबाग किंवा एखादा ओटा मोजायला द्यावा आणि मोजण्याआधी प्रत्येकाने आपापला अंदाज कागदावर लिहावा, म्हणजे मोजल्यावर येणाऱ्या आकड्याकडे मुले उत्सुकतेने पाहतात. समजा, परसबाग २४ फूट ६ इंच लांब आणि १६ फूट रुंद आहे. एक गट २४.६ गुणिले १६ करून ३९३.६ चौरस फूट लिहील आणि दुसरा गट सहा इंच म्हणजे अर्धा फूट धरून ३९२ लिहील. येथे शिक्षकाचा हात खडूकडे जातो, तो आवरावा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि दोन्ही गटांना एकमेकांची रीत तपासायला सांगावे. तरीही चूक सापडली नाही तर एकच प्रश्न विचारावा: ‘२४ फूट ११ इंच तुम्ही कसे लिहाल?’ पहिला गट २४.११ लिहितो आणि थोड्याच वेळात त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणते, ‘पण हे तर २४.६ पेक्षा लहान झाले!’ दशांश अपूर्णांकातील पहिले स्थान दहाव्या भागाचे असते आणि फुटाचे भाग मात्र बारा असतात, हे फळ्यावर दहा वेळा सांगून जेवढे पोचत नाही, तेवढे या एका वाक्याने पोचते.

गुंठा आखण्यासाठी जोडतासिका घ्यावी. प्रत्येक गटाला मैदानावर वेगळी जागा द्यावी. जागा कमी असेल तर निम्मे गट आखतील आणि उरलेले त्यांची पडताळणी करतील. काटकोन कसा काढायचा हे आधी सांगू नये. बहुतेक गट ३३ फुटांच्या चार दोऱ्या ताणून चौकट पुरी करतात आणि काम झाले म्हणून हात वर करतात. मग त्यांना दोन्ही कर्ण मोजायला सांगावे. एक कर्ण ४० फूट भरला, तर दुसरा साधारण साडेबावन्न फूट भरेल. चारही बाजू ३३ फुटांच्या असूनही हा चौरस नसून समभुज चौकोन आहे आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०५० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला ३९ चौरस फूट कमी आहे. शेतजमिनीच्या हिशेबात याचा अर्थ काय, हे मुलांना समजावावे लागत नाही.

आता काटकोनाची गरज मुलांना स्वतःलाच वाटू लागलेली असते. घराचा पाया आखताना गवंडी ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण करून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आणतात. वर्गातल्या कोणाचे वडील हे काम करत असतील तर त्यांना अर्ध्या तासासाठी अवश्य बोलवावे. मैदानावर ९, १२ आणि १५ फूट घेतले तर चूक कमी होते. (यज्ञवेदी आखण्याविषयीच्या बौधायनाच्या प्राचीन शुल्बसूत्रात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा हाच नियम आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीच्या रूपाने येतो, शुल्ब म्हणजेच दोरी.) नीट आखलेल्या गुंठ्याचे दोन्ही कर्ण सुमारे ४६ फूट ८ इंच भरतात. दोन-तीन इंचांचा फरक चालवून घ्यावा, पण तो का आला असेल याचे कारण नोंदीत लिहून घ्यावे.

शहरातील शाळेला एवढे मैदान नसेल, तर साडेसोळा फूट बाजूचा चौरस आखावा आणि तो गुंठ्याचा कितवा भाग आहे, हे विचारावे. अर्धा असे उत्तर हमखास येते. चार तुकडे शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर तो पाव असल्याचे कळते.

शेवटची तासिका वर्गात घ्यावी. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, तर बोलण्यात गुंठा असतो आणि पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्यात हा फरक क्षुल्लक वाटतो. एका एकरात तो किती होतो, हे गटांनी काढावे. उत्तर जवळजवळ अर्धा आर येते आणि त्यातूनच शेकडेवारीचा धडा सुरू करता येतो. मात्र घरचा सातबारा आणायला मुलांना सांगू नये. वर्गात ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा घरांतील मुलेही असतात. त्यासाठी शिक्षकाने कल्पित आकड्यांचा नमुना तयार करावा.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनात, हा प्रकल्प धरताना गटाला सरसकट गुण देऊ नयेत. चिठ्ठी टाकून गटातील एकाला उठवावे आणि त्याने आपल्या गटाचा आकडा कसा आला ते सांगावे. कोणाचे नाव निघेल हे माहीत नसल्यामुळे गट आपल्यातील सर्वांची तयारी करून घेतो. त्यानंतर प्रत्येकाला वेगळ्या कागदावर एकच प्रश्न द्यावा: चारही बाजू २० फूट असलेल्या एका वाफ्याचा एक कर्ण २४ फूट आहे, तर दुसरा कर्ण किती आणि वाफ्याचे क्षेत्रफळ किती? ज्यांनी ४०० चौरस फूट लिहिले असेल, त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा चार खुंट्या आणि सुतळी द्यावी.