साहित्यावर बेतलेलं ऑर्केस्ट्रा संगीत: रेकॉर्डिंग कसं निवडावं, कसं ऐकावं

कंडक्टर कोण हे नंतर बघा. आधी बघायचं ते रचनेची कोणती आवृत्ती वाजवली आहे. गोष्टीचा शेवटच बदलला असेल, तर वादन कितीही सरस असो, हाती वेगळीच गोष्ट लागते.

बायरनच्या काव्यावरची चायकोव्हस्कीची ‘मॅन्फ्रेड’ (1885) घ्या. मूळ रचनेत नायकाच्या मृत्यूपाशी ऑर्गन येतो (चायकोव्हस्कीने स्वरलिपीत हार्मोनियम लिहिली आहे) आणि संगीत हळूहळू निवत जातं. कंडक्टर स्व्हेतलानोव्हने हा शेवट गाळून तिथे पहिल्या भागाचा गडगडाटी शेवट जोडला. कंडक्टर टोस्कानिनीने शेवटच्या भागाला मोठी कात्री लावली. म्हणून चौथ्या ट्रॅकची शेवटची तीन-चार मिनिटं आधी ऐका. ऑर्गन नसेल तर पहिल्या ओळखीसाठी ते रेकॉर्डिंग घेऊ नका. चायकोव्हस्कीच्याच ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्याही तीन आवृत्त्या आहेत: 1869, 1870 आणि 1880. नेहमी वाजते ती शेवटची. तिची सुरुवात क्लॅरिनेट आणि बसून या फुंकवाद्यांच्या संथ, प्रार्थनेसारख्या स्वरांनी होते.

लिस्टच्या ‘फाउस्ट सिम्फनी’ला 1857 मध्ये टेनर (उंच पट्टीतला पुरुष गायक) आणि पुरुषांचं समूहगान जोडलं गेलं. समूहगानासह आणि त्याशिवाय, दोन्ही शेवट रेकॉर्डिंगमध्ये सापडतात. समूहगानाचाच घ्या, गटेच्या नाटकाचा शेवट त्यातच आहे. ऐकताना पहिला, म्हणजे फाउस्टचा, भाग लागोपाठ दोनदा ऐका. तिसऱ्या भागातल्या मेफिस्टोफेलिसला (सैतानाला) स्वतःची अशी धून जवळजवळ नाहीच, तो फाउस्टच्या धुना वेड्यावाकड्या करून त्यांची टवाळी करतो. मूळ धुना कानात बसल्या नसतील तर तिथे नुसता गोंगाट ऐकू येतो. दुसऱ्या भागातल्या ग्रेटशेनच्या (फाउस्टच्या प्रेयसीच्या) धुनेला मात्र तो हात लावू शकत नाही. ती जागा अवश्य पकडा, सगळ्या सिम्फनीचं मर्म तिथे आहे.

संगीताच्या ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (ट्रॅकचे आवाज आपोआप सारखे करणारी सोय) बंद ठेवा. ते प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा मोजत असेल, तर ग्रेटशेनचा हळुवार भागही फाउस्टइतकाच मोठ्याने वाजतो आणि दोघांमधला फरकच पुसला जातो.

अरबी सुरस कथांवरच्या रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेराजाद’चा (1888) आवाज सुरुवातीवरून ठरवू नका. चौथ्या भागात जहाज खडकावर आपटतं तिथे कान सहन करतील इतका आवाज ठेवा, मग पहिल्यापासून लावा. सोलो व्हायोलिनखालचा हार्प स्पष्ट ऐकू यायला हवा. तो दबला असेल तर बहुधा व्हायोलिनचा माइक फार जवळ आहे. रायनर–शिकागो (1960) आणि कोंद्राशिन–कॉन्सर्टखेबाउ (1979) ही (कंडक्टर–ऑर्केस्ट्रा अशा नावांची) दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून फक्त चौथा भाग ऐका. आपल्याला काय आवडतं ते तिथेच ठरेल.